३४५ वी पॅराशूट रेजिमेंट: सिनेमातली आणि खरी

नकाशावेडा

युद्धपटांच्या धाग्यावर २००५ सालच्या 'नववी कंपनी' या रशियन सिनेमाचा विषय निघाला होता. अफगाणिस्तानातल्या डोंगरावर छत्रीधारी सैनिकांची अख्खी कंपनी कापली जाते, एकटाच उरतो, आणि मग कळतं की सैन्य केव्हाच माघारी निघालंय, या पोरांना निरोप द्यायचंच वरचे विसरले. खऱ्या घटनेवरचा सिनेमा म्हणून तिथे बरेच जण हळहळले. तिकडे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

लढाई खरी आहे. बाकी बरंचसं रचलेलं आहे. पलटण होती सोव्हिएत सैन्याची ३४५ वी स्वतंत्र गार्ड्स पॅराशूट रेजिमेंट, तिची नववी कंपनी. टेकडीला नाव नाही, नकाशावर नुसता उंचीचा आकडा, ३२३४ मीटर. तारीख ७ जानेवारी १९८८, म्हणजे माघार पुरी व्हायला अजून वर्षावर काळ होता. वर ३९ जण होते. त्यातले ६ मेले, २८ जखमी झाले आणि टेकडी हातची गेली नाही. विसरण्याचा तर प्रश्नच नव्हता, खालच्या तोफा रात्रभर त्यांच्याच सांगण्यावरून मारा करत होत्या.

मुळात ते तिथे कशाला चढले होते? खोस्त हे पाकिस्तान सीमेजवळचं शहर. तिथली सरकारी शिबंदी कित्येक वर्षं वेढ्यात, रसद फक्त विमानाने. गर्देझहून जाणारा एकच रस्ता, आणि तो सातुकंदाव खिंडीत जद्रान टोळ्यांनी, म्हणजे मुजाहिदीन सरदार जलालुद्दीन हक्कानीच्या माणसांनी अडवलेला. नोव्हेंबर १९८७ मध्ये सोव्हिएत जनरल ग्रोमोव्ह यांनी तो रस्ता उघडायची मोहीम काढली. सुरुवातीलाच एक नामी युक्ती केली. पॅराशूटला बाहुले बांधून खिंडीवर विमानातून सोडले. खरेच सैनिक उतरतायत असं समजून मुजाहिदीनांनी गोळीबार सुरू केला, त्यावरून त्यांच्या तोफांच्या जागा टिपल्या गेल्या आणि मग त्या जागा भाजून काढल्या. ३० डिसेंबरला पहिले ट्रक खोस्तला पोचले. रस्ता उघडा ठेवायचा तर बाजूच्या टेकड्या धरून बसायला हवं, त्यातली एक ही ३२३४.

दुपारी तीनच्या सुमाराला उखळी तोफा आणि रॉकेटचा मारा सुरू झाला. तोफखान्याचा निरीक्षक लेफ्टनंट बाबेन्को कंपनीसोबत वर होता. सुरुवातीलाच त्याचा वायरलेसवाला फेदोतोव्ह मेला आणि सेटही फुटला. बाबेन्कोने प्लाटूनच्या अधिकाऱ्याचा सेट उचलला आणि त्यावरून आकडे सांगत राहिला. माझ्या मते टेकडी वाचली ती त्या दुसऱ्या सेटमुळे. सिनेमात हे नाही, कारण पडद्यावर वायरलेसवर आकडे सांगणारा माणूस शूर दिसत नाही. जड मशीनगनवरचा व्याचेस्लाव अलेक्सांद्रोव्ह सोबत्यांना मागे पाठवून स्वतः गनवरच राहिला आणि तिथेच मेला. दुसरा मशीनगनवाला आंद्रेइ मेल्निकोव्ह. दोघांनाही मरणोत्तर 'सोव्हिएत युनियनचा वीर' हा किताब मिळाला. रात्रभरात बारा हल्ले झाले असं सोव्हिएत नोंदी सांगतात, शेवटचा पहाटे तीनच्या सुमाराला. तोवर काडतुसं संपत आली होती. तेवढ्यात टेहळणी प्लाटून दारूगोळा पाठीवर घेऊन वर पोचली.

टेकडीवर मी उगाच जास्त लिहिलं, कारण विचारणा त्याचीच होती. मला स्वतःला या रेजिमेंटचे पत्ते जास्त बोलके वाटतात. जन्म ३० डिसेंबर १९४४, बेलारूसमधल्या मोगिल्योव्ह भागात. (मेल्निकोव्हही मोगिल्योव्हचाच, हा निव्वळ योगायोग.) १९६० पासून मुक्काम फरगानाला, हो, बाबराचं तेच फरगाना, आज उझबेकिस्तानात. १९७९ पासून काबूलजवळचं बगराम. १९८९ ला किरोवाबाद, आजचं अझरबैजानमधलं गांजा. १९९२ पासून जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियातलं गुदाउता. १९९८ ला विसर्जित. म्हणजे शेवटची अडतीस वर्षं 'रशियन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पलटणीचा एकही तळ आजच्या रशियाच्या नकाशात नाही. साम्राज्याची कड जिथे जिथे उसवली, तिथे ही माणसं उभी होती.

खडूस काका

उत्तम धागा. एक राहिलं. त्या टेकडीवर हल्ला करणारे साधे मुजाहिदीन नव्हते, पाकिस्तानी एसएसजीचे, म्हणजे फौजेच्या खास दलाचे, कमांडो होते. काळे गणवेश, बाहीवर पट्टी. 'काळे करकोचे' म्हणून प्रसिद्ध आहेत. लिहिताना घाबरलात की काय?

नकाशावेडा

काका, घाबरलो नाही, जपून लिहिलं. काळ्या कपड्यांतली, शिकवून तयार केलेली माणसं अंगावर आली, असं टेकडीवरून जिवंत परतलेले सांगतात आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. हक्कानीला पाकिस्तानातून पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण मिळत होतं हेही जगजाहीर आहे. पण ते प्रत्यक्ष पाकिस्तानी फौजेचे जवान होते, हा सोव्हिएत बाजूचा दावा आहे. पाकिस्तानने कधी मान्य केला नाही आणि निर्विवाद म्हणावा असा पुरावा पुढे आलेला नाही. हल्लेखोर किती होते तेही तसंच, दोनशे ते चारशे असं सांगतात. रात्री, बर्फात, तीन हजार मीटरवर कोण मोजत बसलं होतं?

खडूस काका

म्हणजे शक्यता आहे असं समजतो. आमचं समाधान झालं.

रवाळ लाडू

हा हा. काकांचं समाधान व्हायला कारगिलपासून सगळं पुरतं.

नकाशावेडा, बगरामला १९७९ लाच पोचले म्हणता. फौजा तर डिसेंबरच्या शेवटी घुसल्या ना? की आधीच कोणी होतं?

नकाशावेडा

आधीच होतं, आणि तीच गंमत आहे. जुलै १९७९ मध्ये या रेजिमेंटची एक बटालियन गुपचूप बगराम विमानतळावर उतरली. विमानं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ म्हणून. अफगाण सरकार तेव्हा स्वतःच मदत मागत होतं, त्यामुळे कुणी फार चौकशी केली नाही.

दुसरी गंमत म्हणजे, फरगानाला जी १०५ वी डिव्हिजन होती आणि ही रेजिमेंट जिचा भाग होती, ती मॉस्कोने १९७९ मध्येच मोडीत काढली. डोंगर आणि वाळवंटातल्या लढाईसाठी तयार केलेली छत्रीधाऱ्यांची हीच एक डिव्हिजन होती. मोडल्यावर काही महिन्यांत अफगाणिस्तान सुरू झालं! मग बेलारूसच्या जंगलातल्या वितेब्स्कहून १०३ वी डिव्हिजन आणावी लागली. ३४५ तेवढी 'स्वतंत्र' होऊन उरली.

२७ डिसेंबरला काबूलजवळचा ताजबेग राजवाडा घेतला, त्यातही हीच नववी कंपनी होती. आत घुसले ते केजीबीचे दोन गट आणि 'मुस्लिम बटालियन', म्हणजे मध्य आशियातले सैनिक निवडून, अफगाण गणवेश चढवून तयार केलेली तुकडी. नववी कंपनी तिला जोडून दिली होती आणि तिचं काम बाहेरच्या पहाऱ्याचं, जवळच्या अफगाण फौजेला मदतीला येऊ द्यायचं नाही. कंपनीचा कमांडर होता व्हालेरी वोस्त्रोतिन नावाचा तरुण लेफ्टनंट. त्याच दुपारी राष्ट्राध्यक्ष हाफिजुल्ला अमीन यांच्यावर जेवणातून विषप्रयोग झाला होता आणि त्यांना शुद्धीवर आणलं ते सोव्हिएत डॉक्टरांनी! त्या डॉक्टरांना बिचाऱ्यांना कटाची कल्पनाच नव्हती. संध्याकाळी गोळीबार सुरू झाल्यावर अमीन म्हणाले, सोव्हिएत लोकांना कळवा, ते येतील मदतीला. गोळ्या झाडणारे सोव्हिएतच आहेत हे त्यांना आधी पटेना. त्या रात्री अमीन मारले गेले. वाड्यात असलेल्या सोव्हिएत डॉक्टरांपैकी एकजण, कर्नल कुझ्नेचेन्कोव्ह, आपल्याच माणसांच्या हल्ल्यात गेले.

हाच वोस्त्रोतिन १९८८ मध्ये, ३२३४ च्या वेळी, अख्ख्या रेजिमेंटचा कमांडर होता. मधे गंभीर जखमी होऊन परत आलेला.

डॉ. मधुमालती

मी रशियात एमबीबीएस केलं, त्यामुळे 'वेदेवे'वाल्यांशी, म्हणजे छत्रीधारी दळवाल्यांशी, माझी ओळख कारंज्यातली आहे. २ ऑगस्ट हा त्यांचा दिवस. १९३० साली वोरोनेझजवळ बाराजणांनी पहिली उडी मारली तो. सकाळपासून निळ्या टोप्या आणि निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे बनियन घातलेले पुरुष रस्त्यावर. पंचविशीचे, साठीचे, सगळे. दुपारपर्यंत गावातल्या मुख्य कारंज्यात पंधरावीसजण उभे, झेंडा, गिटार, कलिंगडाच्या फोडी, आणि अर्थातच बाटल्या. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई आम्हाला आदल्या दिवशीच सांगायच्या, उद्या काळजी घ्या, बाहेर हिंडू नका.

एकदा बाजारात असाच एक आजोबा भेटला. मी भारतातली म्हटल्यावर राज कपूर झाला, मिथुन झाला, आणि मग म्हणाला, तुमच्या बाजूला होतो आम्ही, बगरामला. ३४५ मध्ये होता का ते मला विचारायला सुचायचं कारणच नव्हतं. जर्दाळू फार चांगले होते म्हणाला. बाकी काहीच बोलला नाही.

सांजवात

धागा वाचनीय आहे, पण मघापासून एक खटकतंय. 'नामी युक्ती', 'जागा भाजून काढल्या', 'वीर'. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावं होती ना? दहा वर्षांत लाखो अफगाण मेले, लाखो परदेशात निर्वासित झाले. छत्रीधाऱ्यांच्या शौर्याच्या गोष्टी सांगताना ती माणसं कुठे जातात?

नकाशावेडा

रास्त प्रश्न आहे, सांजवातताई. आणि ३४५ च्या बाबतीत तो टाळता येतच नाही.

जानेवारी १९८९. माघार ठरलेली. सालंगचा रस्ता हा परतीचा एकमेव मोठा मार्ग. मुजाहिदीन सरदार अहमदशाह मसूदची माणसं त्या पट्ट्यात, आणि प्रत्यक्षात ती सोव्हिएत ताफ्यांना बऱ्यापैकी जाऊ देत होती. तरीही मॉस्कोच्या आग्रहावरून शेवटची एक मोहीम झाली, 'तायफून' नावाची. गावांवर तोफा, विमानं. निघताना मारायची काही गरज नव्हती, असं तिथल्या बऱ्याच सोव्हिएत अधिकाऱ्यांचंही मत होतं. २३ जानेवारीला कलातक गावापाशी ३४५ चा मेजर ओलेग युरासोव्ह पुढे झाला, बायकामुलांना गावातून बाहेर पडू द्या म्हणून समोरच्यांशी बोलणी करायला. तिथेच त्याला गोळ्या लागल्या. माघार संपायला तीन आठवडे होते. त्याला किताब मिळाला. गावकऱ्यांपैकी कोणाचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

११ फेब्रुवारीला रेजिमेंट सीमा ओलांडून परत आली आणि किरोवाबादला गेली. दोन महिन्यांनी, ९ एप्रिल १९८९ च्या पहाटे, तिचे सैनिक जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीत, रुस्तावेली रस्त्यावर निःशस्त्र जमावासमोर उभे होते. स्वातंत्र्य मागणारे लोक सरकारी इमारतीपुढे उपोषणाला बसले होते. धर्मगुरू इलिया दुसरे यांनी, धोका आहे, चर्चमध्ये चला, अशी विनवणी केली, लोक हलले नाहीत. चारच्या सुमाराला फौज पुढे सरकली. जमाव पांगवायला या सैनिकांना ना ढाली दिल्या होत्या ना दंडुके. हातात होतं खंदक खणायचं लहान फावडं. फावडी चालली आणि गृहखात्याच्या दलांनी विषारी वायू सोडला. वीसच्या आसपास माणसं मेली, बहुसंख्य बायका.

सैनिकांचे पाठीराखे अजून म्हणतात, दगडफेक झाली, फावडी स्वतःला वाचवायला वापरली. चौकशीला संसदेची समिती बसली, अनातोली सोब्चाक यांच्या अध्यक्षतेखाली. (पुढे पुतीन ज्यांच्या हाताखाली पीटर्सबर्गला होते तेच सोब्चाक.) समितीने फौज वापरण्यावर, फावड्यांवर आणि वायूवर स्पष्ट ठपका ठेवला. कारवाईचे प्रमुख जनरल रोदिओनोव्ह, आधी अफगाणिस्तानातल्या ४० व्या आर्मीचेच प्रमुख. शिक्षा? पुढे १९९६ मध्ये ते रशियाचे संरक्षणमंत्री झाले.

दहा वर्षं डोंगरात लढवलेली माणसं दोन महिन्यांत शहरातल्या चौकात आणून उभी केली. मला सगळ्यात जास्त राग त्या आदेशाचा येतो. सिनेमा मात्र टेकडीवर निघतो, फावड्यावर कुणी काढत नाही.

सांजवात

धन्यवाद. हे मूळ लेखातच यायला हवं होतं, पण आलं ते बरं झालं.

बेळगावी कुंदा

माझा एक भोळा प्रश्न. पॅराशूट रेजिमेंट म्हणता, मग यांनी लढाईत उडी मारली कधी? वर कुठे दिसली नाही. राजवाड्याला चिलखती गाड्यांतून गेले, टेकडीवर पायी.

कारण आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे. दुसरी पॅरा बटालियन म्हणजे मूळची तिसरी मराठा. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाईलला खरीखुरी उडी मारली, अख्खा बटालियन ग्रूप, कर्नल पन्नू यांच्या हाताखाली. जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याला मागे सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडचा रस्ता तोडायला पूंगली पूल धरला. उड्या मारल्या त्यातली मोठी विमानं सोव्हिएत एएन-१२ होती, हे या धाग्याशी नातं! आणि १६ तारखेला ढाक्यात सगळ्यात आधी शिरली ती हीच बटालियन. बेळगावात वाढलेल्या पोराला हे पाळण्यात ऐकवतात.

नकाशावेडा

कुंदा, भोळा कसला, नेमका प्रश्न आहे. उत्तर: कधीच नाही. १९४५ मध्ये सोव्हिएत छत्रीधारी दळाची ही माणसं हंगेरी-ऑस्ट्रियात पायदळ म्हणून लढली. अफगाणिस्तानात विमानातून विमानतळावर उतरले, नाहीतर हेलिकॉप्टरमधून डोंगरावर. तिथे मोठी लढाऊ उडी कुणीच मारली नाही. त्या उंचीवर, त्या वाऱ्यात मारणं हा वेडेपणा होता. खिंडीवर उतरले ते बाहुलेच.

सोव्हिएत छत्रीधाऱ्यांचं अप्रूप उडीपेक्षा उडीनंतरच्या सामानाचं होतं. जनरल मार्गेलोव्ह, या दळाचे बहुतेक सगळे संस्कार ज्यांच्या नावावर आहेत ते, त्यांचं म्हणणं होतं की खाली उतरलेला माणूस पायी हिंडला तर तो फुकट गेला. म्हणून हलकी चिलखती गाडीच विमानातून टाकायची. ५ जानेवारी १९७३ ला पहिल्यांदा माणसं आत बसवून गाडी टाकली. आत बसलेल्या दोघांपैकी एक मार्गेलोव्हांचा मुलगा. पण त्या गाडीचं चिलखत विमानाला झेपेल इतकं पातळ. अफगाणिस्तानात सुरुंगावर गेली की खलास. त्यामुळे पुढे तिथले सैनिक गाडीच्या आत बसायचंच सोडून टपावर बसून जायला लागले. जुने फोटो बघा, सगळे वर.

रवाळ लाडू

टपावर बसण्याचं कारण आज कळलं. मला वाटायचं हवा खायला बसतात.

तिरपा कोन

या रेजिमेंटची एक मजेदार बाजू राहिली. १९८१-८२ च्या सुमाराला बगरामला हिच्यात दोन अधिकारी एकाच वेळी होते. पावेल ग्राचेव्ह, आधी उपकमांडर आणि मग कमांडर. आणि पहिल्या बटालियनचा प्रमुख अलेक्सांद्र लेबेद, तोच घोगऱ्या आवाजाचा.

ग्राचेव्ह १९९२ मध्ये संरक्षणमंत्री झाला. चेचन्याचं युद्ध पेटायच्या तोंडावर हाच म्हणाला होता की चेचन राजधानी ग्रोझनी घ्यायला एक पॅराशूट रेजिमेंट आणि दोन तास पुरतील. नवीन वर्षाच्या रात्री फौजा ग्रोझनीत शिरल्या आणि रणगाडे गल्लीबोळांत जळले. लेबेद १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिसरा आला, येल्त्सिनच्या सुरक्षा परिषदेचा सचिव झाला, आणि ऑगस्टमध्ये खासाव्यूर्तला जाऊन त्या युद्धावर तहाची सही करून आला. सुरू करणारा आणि संपवणारा, दोघेही एकाच मेसमध्ये जेवलेले. २००२ मध्ये लेबेद हेलिकॉप्टर अपघातात गेला.

खडूस काका

ग्राचेव्हच्या 'दोन तासां'वर एक वेगळा धागा होऊ शकतो. आपल्याकडेही असे बरेच आहेत. नावं घेत नाही.

गवताचं पातं

सिनेमात सगळे मरतात ते दिग्दर्शकाने दुसऱ्या घटनेवरून घेतलं असेल का? चेचन्यात प्स्कोव्हच्या छत्रीधाऱ्यांची एक कंपनी जवळजवळ संपली होती ना?

नकाशावेडा

होय, ७६ व्या डिव्हिजनच्या १०४ व्या रेजिमेंटची सहावी कंपनी. उलुस-केर्तजवळची टेकडी ७७६, २९ फेब्रुवारी ते १ मार्च २०००. ९० पैकी ८४ मेले. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण पाच वर्षांनी थिएटरात बसलेल्या रशियन प्रेक्षकाच्या मनात तीच सहावी कंपनी असणार. तिथे मदत का पोचली नाही हा प्रश्न त्या जवानांच्या आईबापांनी जाहीरपणे विचारला. सिनेमातला 'विसरले' हा राग म्हणूनच खरा वाटतो. फक्त तो ३२३४ वर लागू होत नाही.

प्स्कोव्हच्या त्या डिव्हिजनचा २०२२ मधला, युक्रेनमधल्या बुचातल्या नागरिकांच्या हत्यांचा भाग मुद्दाम इथे ओढत नाही. तो दोन ओळींत उरकण्याचा विषय नाही.

डॉ. मधुमालती

गुदाउताचं सांगा की. अबखाझिया म्हणजे समुद्रकिनारा, संत्री, सुट्टीला जायची जागा. तिथे पॅराशूटवाले कशाला?

नकाशावेडा

सुट्टीवाल्यांसाठीच, निदान सुरुवातीला! १४ ऑगस्ट १९९२ ला जॉर्जियाच्या फौजा अबखाझियात शिरल्या तेव्हा ऐन हंगाम होता, किनाऱ्यावर रशियन पर्यटक अडकलेले. ३४५ ची बटालियन त्यांना बाहेर काढायला आणि गुदाउताजवळचा बोंबोरा विमानतळ राखायला आली. शिवाय अबखाझियाची राजधानी सुखुमीजवळ एशेरा गावात सोव्हिएत काळातली भूकंपमापन प्रयोगशाळा होती, दूरचे अणुस्फोट टिपणारी. तिच्यावर पहारा यांचाच. ती बरोबर आघाडीच्या रेषेवर आली, त्यामुळे तटस्थ पहारेकरी अधूनमधून लढाईत सापडायचे. मॉस्को म्हणे आम्ही तटस्थ. जॉर्जियाचं म्हणणं, ही रेजिमेंट सरळसरळ अबखाझांच्या बाजूने होती. गुदाउता हीच अबखाझ बाजूची युद्धकाळातली राजधानी असल्यामुळे तटस्थपणा कितपत शक्य होता ते तुम्हीच ठरवा. सप्टेंबर १९९३ ला सुखुमी पडलं आणि दोन लाखांच्या घरात जॉर्जियन लोक घरदार सोडून पळाले. त्बिलिसीतल्या माणसाच्या दृष्टीने हीच पलटण चार वर्षांत दुसऱ्यांदा दारात आली होती.

सांजवात

आणि आज? अजून आहे का ती?

नकाशावेडा

१९९८ मध्ये विसर्जित झाली. तिच्या जागी शांतिसेनेच्या नावाखाली १० वी रेजिमेंट उभी केली, तीही फार टिकली नाही. गुदाउताचा तळ १ जुलै २००१ पर्यंत बंद करू, असं रशियाने १९९९ च्या इस्तंबूल परिषदेत लिहून दिलं. २००८ च्या युद्धानंतर अबखाझियाला मान्यता देऊन त्याच जागी रशियाने आपला ७ वा लष्करी तळ उभा केला, आणि तो अजून तिथेच आहे. वोस्त्रोतिन नंतर रशियन संसदेत निवडून गेले.

खडूस काका

वाचनखूण साठवली. प्स्कोव्हवर वेगळा धागा काढा. आणि काढाल तेव्हा सांजवातताईंना आधी वाचायला द्या, म्हणजे निम्मे प्रतिसाद वाचतील.